अंगणातली लाँच

ट्रकमधून ती आमच्या अंगणात उतरवली जात होती तेव्हा आई ज्वारीच्या पापडांचं पीठ घाटत होती, त्यामुळे तिला लगेच बाहेर येता आलं नाही. बाबांच्या दृष्टीने हे फार बरं झालं. पीठ शिजत असताना हात थांबला की गाठी होतात, आणि गाठी झालेला पापड आमच्या घरात चारित्र्याचा प्रश्न समजला जाई. तेव्हा आई आतूनच विचारत होती, "काय उतरवून राहिले वो? लाकडं आनले का?" आणि बाबा बाहेरून सांगत होते, "हो, लाकडंच समज." ते खोटं नव्हतं. लाकडंच होती, फक्त नावेच्या आकाराची. थोड्या वेळाने लाकडी दांडा हातात घेऊन आई दारात आली. तोपर्यंत हमाल निघून गेले होते आणि लिंबाच्या झाडाखाली, अंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, एक जुनी मोटारलाँच दगडांवर टेकून उभी होती.

"हे काय हाय?"

"लाँच."

"कोनाची?"

"आपली."

आईने लाँचकडे पाहिलं, मग विहिरीकडे पाहिलं. चैत्र संपत आला होता आणि विहीर तळाला जाऊन बसली होती. "आन् पानी?"

"पाहू," बाबा म्हणाले.

आमचं घर तेव्हा अमरावतीहून बडनेऱ्याला जाणाऱ्या रस्त्याच्या थोडं आत होतं. आजूबाजूला घरं कमी, मोकळ्या जागा जास्त. वारा त्या बाजूचा असला की बडनेऱ्याच्या यार्डातल्या डब्यांची टक्कर ऐकू येई, आणि कोणती गाडी किती उशिरा आहे यावर आई स्वयंपाकाचा अंदाज बांधी. नाव चालेल इतकं पाणी दृष्टीच्या टप्प्यात कुठेच नव्हतं. समोर राहणारे वानखडे मास्तर संध्याकाळी मुद्दाम फिरायला निघाल्यासारखे आले, लाँचभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि गंभीरपणे म्हणाले, "भाऊसाहेब, समुद्र कोन्या बाजूनं येऊन राहिला मनता?"

"येईन तवा तुमाले पयले सांगीन, मास्तर."

ही लाँच कुठून आली ते सांगायला हवं. बाबा धरणं बांधणाऱ्या सरकारी खात्यात कारकून होते. अमरावतीला बदली होण्याआधी आम्ही अकोल्याला होतो, आणि तिकडच्या एका धरणावर पाहणीसाठी ही लाँच ठेवलेली असे. पाहणी म्हणजे नागपूरहून किंवा मुंबईहून मोठे साहेब येत, त्यांच्यासोबत साहेबांच्या बाई येत, बाईंची बहीण येई, आणि बर्फात ठेवलेल्या सोड्याच्या बाटल्या येत. लाँचच्या पुढच्या भागात एक वेताची खुर्ची होती. साहेब तिच्यात बसून पाणी पाहत. पाणी जागेवर आहे याची खात्री झाली की परत येत. या सगळ्या वेळात बाबा काठावर फायलींचा गठ्ठा घेऊन उन्हात उभे असत, कारण "साहेब विचारतील." साहेबांनी कधीच काही विचारलं नाही. एकदा लाँच रिकामी परतत होती तेव्हा बाबांनी धीर करून एक पाय आत टाकला, तर चालवणारा म्हणाला, "बाबू, वजन व्हईन." बाबांनी पाय काढून घेतला. हा किस्सा ते स्वतः हसत हसत सांगत, पण फार वेळा सांगत. पुढे लाँच निकामी ठरली, इंजिन कोणीतरी आधीच काढून नेलं, उरलेला सांगाडा वेताच्या खुर्चीसकट लिलावात निघाला आणि बाबांनी तो घेतला. केवढ्याला, ते आईने विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. आमच्या घरातली शांतता अशाच पद्धतीने टिकत आली होती.

मी तेव्हा कॉलेजात होते. परीक्षा झाली होती आणि उन्हाळा समोर रिकामा पडला होता. मोठी बहीण विमल हिचं लग्न पाहत होते, त्यामुळे तिला उन्हात जायची बंदी होती. मला कोणी पाहत नव्हतं, म्हणून लाँचवरचा रंग खरवडायचं काम माझ्याकडे आलं. सकाळी बाबा ऑफिसला जाईपर्यंत आम्ही दोघं, संध्याकाळी पुन्हा दोघं, आणि रविवारी दिवसभर. तो रंग काढता काढता मला सरकारी कारभाराचा जो अभ्यास झाला तो पुढे कुठल्याही ग्रंथात झाला नाही. प्रत्येक मोठ्या पाहुण्याच्या आधी लाँच रंगवत, पण जुना रंग कोणी खरवडत नसे. हिरव्यावर निळा, निळ्यावर पांढरा, पांढऱ्यावर पुन्हा हिरवा. पाहुणा जितका मोठा तितका थर जाड. एका ठिकाणी तर चिकटलेल्या पालीवरूनच रंग मारला होता, आणि ती पाल शासकीय निळ्या रंगात अजरामर झाली होती. या सगळ्यांच्या खाली मात्र सागवान होतं, मधासारखं, आणि जवसाचं तेल लावल्यावर ते असं चमकलं की बाबा ऑफिसची सायकल तशीच धरून बराच वेळ पाहत उभे राहिले.

आई या प्रकारापासून दूर राहिली, पण तिने लाँचचा उपयोग शोधला. लाँचला मागच्या बाजूला लाकडी छत होतं. तिथे बकरी चढत नाही, कुत्रं पोचत नाही आणि ऊन पूर्ण मिळतं, हे लक्षात आल्यावर आईने त्यावर जुनं धोतर पसरून कुरडया घातल्या. दोन दिवसांत गल्लीतल्या बायकांनी रांग लावली. कोणाचे सांडगे, कोणाचे मिरगुंड, कोणाच्या हातावरच्या शेवया. मी खाली घाम गाळत रंग खरवडायची आणि वरून कोणीतरी हाक मारायची, "कुंदे, जरा खरवडनं थांबव व माय, शेवाया तुटून राहिल्या." ज्या छताखाली साहेबांच्या बाईंना सावली मिळे, त्या छतावर आमच्या गल्लीचं वर्षाचं बेगमीचं सामान वाळत होतं. मला तो बदल फार आवडला.

मी आता अकोल्याला राहते. वैशाखात इथलं ऊन टीव्हीवर बातमी म्हणून दाखवतात, जणू ते परवाच शोधून काढलंय. मध्यंतरी विमलची नात आली होती. तिने मोबाइलवर तिचा कुठल्याशा तलावातल्या बोटीतला फोटो दाखवला. सगळ्यांच्या अंगात नारिंगी जाकिटं. मी आमच्या लाँचची गोष्ट काढली तेव्हा "तुमची जाकिटं कुठे होती, आजी?" तिने विचारलं. आमच्याकडे जाकिटं नव्हती. आम्हाला कोणाला पोहताही येत नव्हतं. येत होतं ते फक्त मामाला, आणि तोही विहिरीत शिकलेला. विहिरीत शिकलेला माणूस उत्तम बुडी मारतो, उत्तम वर येतो, पण सरळ पुढे जायचं असतं हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं.

हा मामा, श्रीराम त्याचं नाव, चांदूर बाजारकडे शेती करायचा. आईचा धाकटा भाऊ. त्याच्या गावात वीज आली होती, विहिरीवर विजेचा पंप बसला होता, आणि जुनं ऑइल इंजिन गोठ्यात पडून होतं. लाँचची बातमी कळताच तो ते इंजिन संत्र्यांच्या पेट्यांच्या ट्रकमध्ये टाकून घेऊन आला. सोबत एक बोदरं, म्हणजे मोठं पोतं, भरून कापूसही आणला. इंजिनाचं जमवायला त्याला आणि बडनेऱ्याच्या एका फिटरला आठवडा लागला. ते चालू झालं तेव्हा सगळ्या गल्लीला वाटलं कोणाच्या तरी विहिरीवर ओलित सुरू झालं. पण खरा प्रश्न इंजिनाचा नव्हता. वर्षानुवर्षं पाण्याबाहेर आणि नंतर आमच्या उन्हात राहून फळ्या अशा आक्रसल्या होत्या की लाँचमध्ये बसून रस्त्याने जाणारा माणूस ओळखता यायचा. मी एकदा आतूनच वानखडे मास्तरांना "नमस्कार" म्हटलं तर ते दचकून आजूबाजूला पाहू लागले.

"भाऊजी," मामा म्हणाला, "फट म्हन्जे काय? कापूस जाईन तेवढी जागा. घोर काहून करता?"

"टिकंल का?"

"अकोटच्या प्रेसमंदी दोन हंगाम गाठी बांधल्या मी. एकदा दाबला का कापूस दगड व्हते, दगड. पान्याचा बाप आत येत नाई."

वऱ्हाडात माणूस कापसाबद्दल बोलू लागला की समोरच्याने वाद घालायचा नसतो. बोथट पटाशी आणि लाकडी मोगरी घेऊन मामा बसला. कापसाची वळी फटीत घालायची, ठोकायची, त्यावर दुसरी, ठोकायची, पुन्हा तिसरी. मी अंगाने बारीक होते, त्यामुळे तळाच्या कोपऱ्यात जिथे मामाचं पोट जात नसे तिथे मी ठोकायची. "हात काय दमला तुया?" मामा बाहेरून ओरडायचा. "ठास! पोरगी सासरी जातानी डबा कसा भरतेत? तसा भर!" आणि मी तशी भरली. आमच्याकडे पाहुण्याच्या ताटात जागा दिसली तर घरच्यांची मान खाली जाते, तशीच आम्हाला त्या फटींची लाज वाटत होती. वरून डांबर. एका डब्यात ते रटरटत असायचं आणि त्याचा वास आमरसात, कुरडयांत, अंथरुणात, सगळीकडे गेला होता. दुपारी आई ठोकणं थांबवायला लावी आणि जेवायला वाढी. पातोडीची रस्सा भाजी, भाकर, मिरचीचा ठेचा, रस. मामा हाताचं डांबर रॉकेलने पुसून बसायचा आणि प्रत्येक घासागणिक लाँच थोडी थोडी अधिक मजबूत होत जायची.

याच दिवसांत विमलला पाहायला अकोटची मंडळी आली. पोहे झाले, नाव-शिक्षण झालं, आणि मग मुलाच्या वडिलांचं लक्ष खिडकीबाहेर गेलं. "हे काय हाय जी?" बाबांनी सांगितलं. ते उठले. त्यांच्यामागे मुलाचे काका उठले, मुलगा उठला, आणि आतल्या खोलीतून विमल चहाचा ट्रे घेऊन आली तेव्हा समोर फक्त रिकाम्या पोह्याच्या बशा होत्या. "मले पाहाले आले का लाँचले?" ती मला म्हणाली, आणि ती रागावली नव्हती असं मी म्हणणार नाही. पाहुणे परत आत आले तेव्हा मुलाने, म्हणजे पुढे माझ्या भाऊजींनी, तिच्याकडे पाहून पहिलं वाक्य उच्चारलं ते असं होतं: "कुरडया तुमी घातल्या का? एक तोडून खाल्ली मी." विमलने नंतर सांगितलं की तिने तिथेच होकार ठरवला होता.

लग्न वैशाखातलं धरलं आणि आमच्याच अंगणात. अंगणात लाँच होती. मांडव कुठे घालायचा हा प्रश्न बाबांच्या आणि मामाच्या डोक्यात आलाच नाही. तो आईने आणला, पाहुणे गेल्यावर, बशा गोळा करता करता.

"मांडवाची मुहूर्तमेढ रोवाच्या आत हे इथून हाललं नाई," ती म्हणाली, "तर आचाऱ्याले चुलीसाठी लाकडं बाहेरून आनाले लागनार नाई."

आई धमकी देत नसे, वेळापत्रक सांगत असे. शिवाय दुसऱ्याच दिवशी आचारी जागा पाहायला आला, चुलींचे चर कुठे खणायचे ते पाहिलं, आणि जाता जाता लाँचवर बोटाने टकटक करून आईला म्हणाला, "सागवान हाय बाई. धूर करनार नाई." त्यानंतर बाबा ऑफिसमधून लवकर येऊ लागले.

ठोकून झालं, डांबर झालं, तेलाचा शेवटचा हात झाला. लाँच गावाबाहेरच्या जुन्या तलावात नेऊन सोडायची, बाबांनी खुर्चीत बसून एक फेरी मारायची, आणि मग लग्नाच्या कामाला लागायचं, असा साधा बेत होता. तो साधा राहिला नाही, कारण वानखडे मास्तरांनी तो ऐकला. मास्तर गल्लीच्या उत्सव मंडळाचे सचिव होते आणि उत्सव नसलेले महिने त्यांना जड जात.

"असं गुपचूप कसं नेता भाऊसाहेब? उद्घाटन पायजे. बापूसाहेबांले मी सांगतो."

बापूसाहेब बऱ्याच संस्थांचे अध्यक्ष होते. कोणत्या, ते त्यांना विचारलं तर तेही मागे वळून कोणाला तरी विचारत. पिठाच्या गिरणीपासून सार्वजनिक मुतारीपर्यंत गावातल्या कशाचंही उद्घाटन ते करत आणि भाषण सगळीकडे एकच असे. बाबा "नको" म्हणायला तोंड उघडेपर्यंत मास्तर गेटबाहेर गेले होते.

ठरल्या सकाळी तलावावर लाँचच्या टोकापासून एका बाभळीपर्यंत लाल फीत बांधली होती. उन्हाळ्याने तलाव आत सरकला होता, पण मधे पाणी पुरेसं होतं. बापूसाहेब उशिरा आले, तेवढ्या वेळात फीत बकरीने थोडी खाल्ली. मग नारळ, मग हार, मग भाषण. त्यात त्यांनी विदर्भाच्या अनुशेषाला हात घातला आणि ही लाँच हे त्याला चोख उत्तर आहे असं सांगितलं. बाबांचं नाव घेताना त्यांनी मास्तरांकडे पाहिलं, मास्तरांनी ते कानात सांगितलं, आणि तरी ते चुकलं. शेवटी लाँच पाण्यात ढकलली. ती तरंगली. तळाला थेंब नाही. मामाने हँडल मारलं, इंजिन टुकटुकू लागलं, मामाने बाबांना हात केला, आणि बाबांनी नुकताच धुतलेला सदरा सावरून पाऊल उचललं, एवढ्यात बापूसाहेब पुढे होऊन खुर्चीत बसले. त्यांच्या मागे मास्तर, मास्तरांच्या मागे फोटोग्राफर, आणि बापूसाहेबांची दोन माणसं.

"भाऊसाहेब, वजन व्हईन," मास्तर म्हणाले. मनात काही वाईट नव्हतं हो त्यांच्या. "तुमी पुढच्या फेरीले."

बापूसाहेबांनी चढताना चपला काढल्या होत्या. त्या त्यांनी काठावरच्या जवळच्या माणसाकडे दिल्या. जवळचा माणूस बाबा होते. लाँच तलावाला वळसा घालत होती, मामा इंजिनापाशी पाठ करून चिडून बसला होता, आणि बाबा एका हातात फुटलेला नारळ आणि दुसऱ्या हातात बापूसाहेबांच्या चपला घेऊन उभे होते. मी त्यांच्याकडे पाहायचं टाळलं. फोटो नीट आला नसेल म्हणून आणखी एक फेरी झाली. मग ऊन चढलं, इंजिन तापलं, घरी मांडववाले यायचे होते. "उद्या सकाळी," बाबा मामाला म्हणाले. "उद्या निवांत जाऊ." लाँच बाभळीला बांधून आम्ही परत आलो.

सकाळी गेलो तेव्हा बाभळीपासून निघालेला दोर तिरपा पाण्यात गेला होता. लाँचचं छत तेवढं वर दिसत होतं, त्यावर एक बगळा, आणि वेताची खुर्ची स्वतंत्रपणे तलावाच्या मध्यावर तरंगत होती. मामा लुंगी खोचून पाण्यात उतरला, बुडी मारून खाली चाचपून आला. तळाच्या फळ्या सांगाड्याच्या बरगड्यांपासून सुटून बाहेर आल्या होत्या. खिळे उपटले होते. कापूस मात्र जिथे ठासला होता तिथेच होता, दगडासारखा.

मामा काठावर बसला. मग त्याने कपाळावर हात मारला.

"भाऊजी, मी गाढव हाय."

"हे आताच समजलं का?" बाबा म्हणाले, पण आवाजात काही नव्हतं.

"तसं नाई. दर उन्हायात गाडीचे चाकं मी डोहात टाकतो. काहून टाकतो? लाकूड सुकून आखडलं रायते, लोखंडाची धाव ढिली व्हते. पानी पेलं का लाकूड फुगते, धाव घट्ट बसते. लहान पोट्ट्याले समजते हे. मंग या फयाबी फुगनारच ना? फुगाले जागाच ठेवली नाई आपुन. कापसानं ठासलं. मंग फयी जाईन कुठं? भायेर आली." त्याने लुंगी पिळली. "हे चाकच व्हतं भाऊजी. साहेबाचं व्हतं मनून ओयखलं नाई."

मी नंतर पुष्कळ वाचलं, शिकलेल्या माणसांच्या चुकांवरही वाचलं, पण ही चूक करायला कापसाच्या मुलखातलाच माणूस पाहिजे. दुसऱ्या कोणाकडे इतका कापूस नसता, आणि इतक्या जिद्दीने तो कोणी ठासलाही नसता.

घरी परतलो तर आचारी आला होता. बातमी आमच्या आधी पोचली होती. "बुडाली म्हंतेत," तो आईला म्हणाला. "मानसं पाठवून काढून आनतो. फोडून उन्हात टाकली का मांडवापरंत वाऊन जाईन." आईने बाबांकडे पाहिलं. बाबा ओसरीवर बसून चपलेचा चिखल काडीने काढत होते. "घेऊन जा," ते म्हणाले. वर पाहिलं नाही. चिखल फारसा नव्हता, तरी काडी चालूच होती.

आई आत गेली, पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली, तो बाबांसमोर ठेवला आणि आचाऱ्याला म्हणाली, "नाई. वले लाकडं माया मांडवात नको."

"वाऊन जातीन ना बाई..."

"नाई वायत. डांबर हाय त्याले, तेल हाय. पोरीच्या लग्नात वरनाले डांबराचा वास आला तर अकोटवाले जन्मभर बोलतीन. बाभूय आन टालातून."

आचारी वखारीतून बाभळीची लाकडं आणायला गेला. आठवडाभरापूर्वी चुलीसाठी लाँचच्याच लाकडांचं तिने नाव घेतलं होतं, तेव्हाही त्यांना डांबर होतंच. बाबा तांब्यातलं सगळं पाणी प्यायले. त्या दिवशी जेवताना त्यांनी वरण दोनदा मागून घेतलं, एवढं मला आठवतं.

लग्न झालं. बुंदी संपली नाही, वांग्याची भाजी थोडी कमी पडली, वऱ्हाडी मंडळींनी त्यावर नेमकं बोट ठेवलं, म्हणजे सगळं रीतीप्रमाणे झालं. लाँच तितका काळ पाण्याखाली होती. म्हशी चारणारे दुपारी तिच्या छतावर बसून बिड्या ओढत. पुढे तलाव आणखी आटला तेव्हा ती आपणहून अर्धी वर आली. मामा, बाबा, मी आणि नवे जावई अशा चौघांनी घमेल्यांनी पाणी उपसलं. जावयाला घमेलं दिलं म्हणून आई आमच्यावर चिडली होती, पण जावई स्वतःच रविवारचे अकोटहून एसटीने येत. इंजिन काढून सुकवलं. त्याला काही झालं नव्हतं, विहिरीच्या काठावर जन्म गेलेल्या इंजिनाला बुडण्याचं अप्रूप नसतं. ठासलेला कापूस मी दिवसभर आकड्याने उपटत बसायची. फळ्या आता पाणी पिऊन टच्च होत्या, फटी आपोआप मिटल्या होत्या, राहिली होती ती केसाएवढी रेघ. त्या पुन्हा बरगड्यांना बसवून तांब्याचे खिळे मारले.

रेघेत भरायला कापूस हवाच होता, पण मामा आता मोगरीला हात लावायला तयार नव्हता. तेव्हा आई पहिल्यांदा लाँचपाशी आली. मांडी घालून काठावर बसली आणि कापसाच्या लांब लांब वाती वळू लागली, हातभर, दोन हात, सैल. "हात हलका ठेव," मला म्हणाली. "देवापुढं वात ठेवतो तशी ठेव. ढकलू नको." एवढं सांगून झाल्यावर तिने मामाकडे पाहिलं. "हे तुले मनून राहिली मी, श्रीराम. पोरीवर नाव घालून."

"समजलं बाई," मामा म्हणाला.

पोळा झाल्यानंतर एका दुपारी आम्ही निघालो. तलाव भरला होता, काठाची गवतं पाण्यात गेली होती. वानखडे मास्तरांना कोणी सांगितलं नाही. विमल माहेरी आली होती, तीही होती. तिला मळमळत होतं, त्याचं कारण लाँच नव्हतं, हे तेव्हा फक्त आईला माहीत होतं. मामा इंजिनापाशी बसला. आई चढायला तयार नव्हती, मग चढली, आणि दोन्ही हातांनी कड घट्ट धरून बसली. बाबा सगळ्यात शेवटी आले. तलावातून काढून सुकवलेल्या त्या खुर्चीसमोर क्षणभर उभे राहिले, धोतराचा सोगा आवरला आणि बसले.

इंजिन सुरू झालं. लाँचने काठ सोडला. तळाला मी हात लावून पाहत होते, कोरडं होतं. बाबा दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, पाठ ताठ करून, समोर पाहत होते, फोटोसाठी बसल्यासारखे. मधोमध पोचल्यावर त्यांनी मागे न पाहता हात वर केला. "श्रीराम, बंद कर जरा."

टुकटुक थांबली. लाँच आपल्या वेगाने थोडी पुढे गेली आणि मग स्थिर झाली. पाणी बारीक आवाज करत फळ्यांना लागत होतं. चारी बाजूंनी पाणी, पाण्यापलीकडे तुरीची शेतं, एक बैलगाडी सावकाश जात होती. बाबांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. खाली पाण्यात पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"एवढंच असते?" ते म्हणाले.

"मंग?" आई म्हणाली. तिने कड सोडली नव्हती. "काय पायजे व्हतं तुमाले? खाली मोती लागून राहिले का?"

बाबा हसू लागले. आधी आवाज नाही, फक्त खांदे हलायला लागले, मग खुर्ची, मग सगळी लाँच डुलायला लागली. आई ओरडली, "अवो, हलू नका ना! उलटवता का काय?" तसे ते आणखीच हसले. डोळे पुसले, पाठ खुर्चीला टेकली, पाय समोर लांब केले. साहेब लोक कसे बसत ते मला माहीत नाही, पण असे नक्कीच बसत नसतील.

"लाव श्रीराम," ते म्हणाले. "आनखी एक चक्कर मार."

"कोन्या बाजूनं, भाऊजी?"

"कोन्याबी."

मामाने हँडल मारलं. काठावर कोणीही उभं नव्हतं.